मावशीची मूठ

मावशीचा उजवा हात मनगटाच्या जरा वरून गेला, पण त्याची मूठ काही सुटली नाही. सदानकदा आवळलेली असायची. नखं तळव्यात रुतायची. आता नखंही नव्हती आणि तळवाही नव्हता, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण दुखायचं ते दुखायचंच.

"उघडा गं कुणीतरी," ती म्हणायची. "सगळी नको, एक बोट तरी सोडवा."

मी हॉस्पिटलच्या कृत्रिम अवयवांच्या विभागात काम करते. हात, बोटं, कान, क्वचित एखादं नाक. ठसे घ्यायचे आणि रंग द्यायचा, ही माझी कामं. नसलेल्या पायाला खाज सुटणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. एक म्हातारेबुवा तर नसलेल्या अंगठ्यावर फुंकर घालत बसतात. तेव्हा मावशीच्या मुठीचं मला नवल वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटलं. आई गेल्यावर मला त्याच हातानं वाढवलं होतं. भरवायचाही तोच आणि धपाटा घालायचाही तोच.

मावशी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम होती. लाँड्री तळघरात. तिथे चादरींना इस्त्री करायचे आडवे रूळ आहेत, तापलेले आणि न थांबता फिरणारे. ओली चादर एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर येते. एका रुळापुढची जाळी दुरुस्तीसाठी काढली होती आणि परत बसवायची राहून गेली होती. तिथेच ओल्या फरशीवर मावशीचा पाय घसरला. शेजारी चादरी लावणारी एक बाई उभी होती. मावशीचं म्हणणं असं की त्या बाईनं तिला ढकललं.

ती बाई पलीकडची होती.

आमच्याकडे त्या लोकांना पलीकडचे म्हणतात. त्यांचे पणजे समुद्रापलीकडून आले होते म्हणून. मधल्या सगळ्या पिढ्या इथेच जन्मल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या, तरी ते पलीकडचेच राहिले. रंग काळा, केस दाट कुरळे, आणि नावं अशी की उच्चारायची तसदी कुणी घेत नाही. त्या बाईला सगळे 'सात नंबर' म्हणायचे, कारण ती सात नंबरच्या रुळावर उभी असायची. मीही तेच म्हणायची.

मावशीला पलीकडचे चालायचे नाहीत. ती वाईट बाई नव्हती, आणि हे मी भाचीच्या लाडानं सांगत नाही. हाताखालची कुणी आजारी पडली तर तिला घरी पाठवून स्वतः रुळावर उभी राहायची. पण पलीकडच्या बाईनं विसळलेला कप ती पुन्हा विसळायची. त्यांच्या हातून किल्ली घ्यायची वेळ आली की म्हणायची, "ठेव तिथे टेबलावर." जिन्यात त्यांच्यातलं कुणी समोरून आलं की तिची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर जायची. विचारलं तर म्हणायची, "मी कुठे काय करते? माझं अंगच आक्रसतं, त्याला मी काय करू?" जसं काही अंग शेजारणीचं होतं. मी तिची यावरून भरपूर चेष्टा करायची. मी शिकलेसवरलेली, माझ्या मनात तसलं काही नव्हतं.

अपघाताची चौकशी लागली. मावशी जबाब देण्याइतकी बरी होईपर्यंत ती लांबणीवर पडली, आणि तोवर सात नंबरला लाँड्रीतून काढून आमच्या विभागात फरशी पुसायला लावलं. मावशीचा जबाब तिच्या विरुद्ध गेला की तिची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर आवारातली खोलीही. त्या खोलीत ती आणि तिची लहान मुलगी अशा दोघीच राहायच्या. जाळी का नव्हती हा प्रश्न वरच्या कुणालाच नको होता, त्यामुळे ढकलल्याची गोष्ट साहेबलोकांना भारी पसंत पडली होती.

मला त्या चौकशीशी काही देणंघेणं नव्हतं. मला मावशीची मूठ सोडवायची होती. घातलेला कृत्रिम हात डोळ्यांना नीट पटला तर कधीकधी आतला हात सैल पडतो, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं.

पण असा हात करायचा म्हणजे आधी एक खरा हात शोधावा लागतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. माणसाचा उजवा गेला असेल तर त्याचा डावा बघायचा आणि त्याला जुळेल असा उजवा हात दुसऱ्या कुणाचातरी मिळवायचा. त्याला आम्ही नमुन्याचा हात म्हणतो. त्याचा ठसा घ्यायचा, ठशात मेण ओतायचं, मेणाच्या हातावरून त्या दुसऱ्या माणसाच्या खुणा बुजवायच्या, म्हणजे व्रण, चामखीळ, वाकडं नख, जे असेल ते, आणि मग त्यावरून सिलिकॉनचा हात. घालणाऱ्याला तो कुणाचा आहे हे कधी सांगायचं नाही, असा विभागाचा नियम. माणसं विचित्र असतात, माहीत झालं की नको ते जाणवायला लागतं.

मावशीचा हात काही साधासुधा नव्हता. रुंद हाडाचा, लांब बोटांचा, चादरी झटकून झटकून तयार झालेला. मी नर्सेसचे हात बघितले, स्वयंपाकघरातल्या बायकांचे बघितले, भेटीला आलेल्या नातेवाइकांनाही सोडलं नाही. माझा स्वतःचा लावून बघितला, तो लहान पडला. एकीचा पंजा जुळायचा तर बोटं आखूड निघायची.

अशीच एका दुपारी मावशीच्या डाव्या हाताची प्लास्टरची प्रत पुढ्यात घेऊन मी वैतागून बसले होते. सात नंबर फरशी पुसत टेबलापाशी आली आणि थांबली.

"ताई, तुमच्या मावशींसाठी हात शोधताय ना?"

तिनं फडकं बादलीत टाकलं, उजवा हात एप्रनला कोरडा केला आणि प्लास्टरच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. मी बघतच राहिले. बोटांची लांबी, पेरांची जाडी, करंगळीचा तो किंचित बाहेर जाणारा कल, सगळं आरशात दिसावं तसं जुळत होतं. एक हात पांढऱ्या प्लास्टरचा आणि एक काळा, एवढाच काय तो फरक.

"तुला माहितीये ना कुणासाठी आहे?" मी विचारलं. "तीच बाई तुझ्याविरुद्ध जबाब देणार आहे."

"माहितीये."

"मग?"

"त्यांची मूठ उघडत नाही, असं परवा तुम्ही डॉक्टरांना सांगत होतात." ती स्वतःच्या हाताकडे बघत बोलत होती. "मी त्यांना धरायला गेले होते, ताई. त्या पडत होत्या. माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली, आणि त्यांनी मूठ आवळून हात मागे ओढला. मागे रूळ होता. माझा हात पुढेच राहिला. तेव्हापासून तो तसाच आहे. मी खाली घेते, झोपते, काम करते, पण आतून तो पुढेच असतो. खाली येतच नाही. म्हटलं, तुम्ही घेऊन बघा. कदाचित दोघींचंही सुटेल."

तिचा हात टेबलावर निवांत पडला होता. हाडामांसाचा, धडधाकट. तरी माझ्या अंगावर काटा आला.

मी ठसा घेतला. नाही कशाला म्हणू? महिनोन्महिने शोधूनही असा हात मिळाला नसता. ठसा चिकटू नये म्हणून आधी हाताला व्हॅसलीन चोळावं लागतं, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, अगदी निगुतीनं. एरवी मी ते उघड्या हातांनी करते, कारण मोज्यांतून बारकावे कळत नाहीत. त्या दिवशी मी रबरी हातमोजे घातले. माझ्या बोटाला बारीकशी चीर पडली होती. सात नंबरनं मोज्यांकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

ठशाची गार लापशी घट्ट होईपर्यंत हात आत धरून ठेवावा लागतो. ती अजिबात हलली नाही. हात धुऊन झाल्यावर तिनं तो माझ्यापुढे केला, आपण कुणाचा निरोप घेताना करतो तसा. मी नेमकी बादली उचलत होते, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी मानेनंच 'बरं' म्हटलं. ती गेली.

मेणाचा हात सुरेख उतरला. अंगठ्याच्या मुळाशी रुळाच्या कडेनं भाजल्याचा एक व्रण होता, नखाएवढा, अर्धगोल. तो मेणात इतका हुबेहूब आला होता की बुजवायला माझा हात धजेना. नियमाप्रमाणे बुजवायला हवा होता. पण अशी एखादी खूण राहिली की हात जिवंत वाटतो, कुणीतरी खरोखर वापरलेला वाटतो. मावशीही आयुष्यभर रुळावर राबलेली, तिच्या डाव्या हातावर असे कितीतरी होते. एक उजव्यावर असला तर काय बिघडलं? कामाचा माज, दुसरं काय.

मग रंग. मावशीचा डावा हात समोर ठेवून मी थरावर थर चढवले. सांध्यांवरची लाली, मनगटाच्या शिरांचा निळसरपणा, उन्हाचे बारीक ठिपके. हात तयार होऊन स्टँडवर वाळत होता तेव्हा सात नंबर आत आली. बराच वेळ ती त्याच्यासमोर उभी होती. अंगठ्याच्या मुळाशी तिनं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"अगदी माझा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या रंगातला." मग जराशानं, "ताई, त्या दिवशी हा पुढे आला असता तर त्यांनी धरला असता का?"

मला ब्रश धुवायचे होते. रंग सुकला की केस ताठ होतात. मी नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

मावशीला हात बसवला तो तिच्या खोलीत, खिडकीशी, भर उजेडात. मनगटाच्या वर घट्ट बसला, आतली हवा निघताना बारीकसा आवाज झाला. मावशी तो उलटसुलट करून बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी तिच्या कपाळावरची आठी गेली. मग तिचा खांदा खाली आला, जो अपघातापासून कानाला टेकलेला होता.

"अगं," ती म्हणाली. "अगं कार्टे. उघडली."

"काय?"

"मूठ. एकेक बोट सुटतंय. करंगळी... हां... आता अंगठा." आणि ती ढसाढसा रडायला लागली. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला माझाही अभिमान वाटला.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. मावशी पोटभर जेवायला लागली, गाढ झोपायला लागली, शेजारणींना बोलावून हात दाखवायला लागली. "बघा, तीळसुद्धा घातलेत हिनं. माझ्या मेल्या खऱ्या हातापेक्षा देखणा आहे." ती तो काढायचीच नाही. मी ओरडले की तेवढ्यापुरता काढायची आणि पुन्हा चढवायची.

मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ती खुर्चीत बसून मांडीवरच्या उशीवर तो हात फिरवत होती. हळूहळू, मागून पुढे.

"काय करतेस?"

"कुणाचंतरी डोकं आहे इथे," ती म्हणाली. "लहान मूल आहे. केस दाट आहेत, गुंतलेले. बोटं आत रुततात बघ." तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मला खोलीत थांबवेना. "स्वस्थ बसतं बिचारं. कुणाचं असेल गं?"

मला माहीत होतं. शाळा सुटली की सात नंबरची मुलगी आमच्या विभागाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची, आणि फरशी आटोपली की तिची आई शेजारी बसून तिच्या डोक्यावरून असाच हात फिरवायची. मागून पुढे. मावशीनं त्या मुलीला कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

"झोपेत काहीतरी बघितलं असशील," मी म्हटलं आणि दिवा लावला.

नंतर हे वाढतच गेलं. कधी तिला हाताला सोड्याच्या पाण्याची जळजळ व्हायची. कधी कुलपाची किल्ली हातात असल्यासारखी वाटायची, आणि कुलूप लागत नाही म्हणून ती बोटं फिरवत राहायची. मला खरंतर भीती वाटायला लागली होती. मावशीला वाटत नव्हती. ती म्हणायची, "छान वाटतं गं. एकटं वाटत नाही." आणि मी गप्प बसायची, कारण तिची झोप मला हवी होती.

चौकशीच्या दिवशी सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. हात तिनं घातलेला होता आणि तो पुढे धरला होता, हवेत, तळवा वर.

"बाळा, मी तिथे खरं सांगणार आहे."

"म्हणजे?"

"तिनं नाही ढकललं मला." मावशी हाताकडे बघत बोलत होती. "इतके दिवस मला एवढंच आठवायचं की काळा हात अंगावर येतोय. छातीत धस्स झालं होतं, तेच आठवायचं, म्हणून मला वाटायचं की ढकललंच असणार. पण हल्ली ते सगळं पुन्हा होतं ना, तेव्हा उलट्या बाजूनं होतं. हात मीच पुढे करते. समोर कुणीतरी पडतंय, त्याच्या मनगटाला माझी बोटं लागतात, आता धरणार, आणि ते मनगट निसटतं. पुढे नुसती हवा. इतकं वाईट वाटतं गं. मला वाचवायला आली होती ती. मीच मूठ आवळून मागे घेतली."

मी तिच्या गळ्यात पडले. तेव्हा सांगायला हवं होतं की हात कुणाचा आहे. पण मला वाटलं, आधी जबाब होऊ दे, नोकरी वाचू दे त्या बाईची, मग सवडीनं सांगू.

चौकशीची खोली म्हणजे एक लांब टेबल, वर घरघरणारा पंखा आणि झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. टोकाला चौकशीचे साहेब, त्यांच्या बाजूला टाइप करणारी मुलगी. एका बाजूला मावशी आणि तिच्यामागे मी. समोरच्या बाजूला सात नंबर. तिनं धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घातला होता. मावशी आत आल्यावर ती उठून उभी राहिली, आणि मावशीनं चक्क मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"सांगा बाई," साहेब म्हणाले. "घाबरू नका. जसं घडलं तसं."

"माझा पाय घसरला," मावशी म्हणाली. "फरशी ओली होती, पुढे जाळी नव्हती."

जाळीचं नाव निघताच साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. टाइप करणारी मुलगी थांबली आणि त्यांच्याकडे बघायला लागली.

"मी पडत होते. तेव्हा ही बाई..."

मावशीनं समोर बघितलं. सात नंबर खाली बसली होती आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ती फक्त ऐकत होती, डोळ्यांत पाणी होतं. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी तो अर्धगोल व्रण होता. मावशीचाही हात टेबलावरच होता. तिची नजर त्या हातावरून या हातावर आली, परत तिकडे गेली. करंगळी बघितली. पेरं बघितली. पंखा घरघरत होता.

तिचं तोंड मला बाजूनं दिसत होतं. राग आला असं मी म्हणणार नाही. आधी किळस आली, पाल अंगावर पडल्यासारखी. मग भीती. राग सगळ्यात शेवटी आला, किळस आणि भीती या दोन्हींवर पांघरूण घालायला.

"मावशी," मी पुटपुटले.

तिनं डाव्या हातानं मनगट पकडलं आणि ओढलं. हवा आत शिरल्याचा आवाज झाला. हात टेबलावर पडला, तळवा वर, बोटं सैल, सात नंबरच्या दिशेला. मावशीनं उरलेला हात बाहीत लपवला.

"तिनं मला ढकललं," ती म्हणाली. "लिहून घ्या. दोन्ही हातांनी ढकललं."

मुलगी भराभर टाइप करायला लागली. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मग सात नंबरला विचारलं की तुला काही म्हणायचंय का. ती मावशीकडे बघतच नव्हती. टेबलावरच्या त्या हाताकडे बघत होती.

"त्यांना विचारा," ती म्हणाली, "मूठ परत मिटली का."

"काय?" साहेब म्हणाले. "मुद्द्याचं बोल."

तिला आणखी काही बोलायचं नव्हतं, आणि जे बोलली ते कुणी लिहून घेतलं नाही. पण माझ्यासमोर मावशीचा खांदा वर वर सरकत कानाला जाऊन टेकला. तिच्या घशातून बारीक आवाज निघाला.

बाहेरच्या बोळात तिनं मला भिंतीशी धरलं. "तिचा हात घातलास तू मला? मी त्या हातानं जेवले! उशाशी घेऊन झोपले!"

"मावशी, तुझी मूठ उघडली होती त्यानं."

"त्यानंच माझ्या डोक्यात भरवलं ते सगळं. काय खरं, काय खोटं, मला काय माहीत? ती बोलत होती माझ्या तोंडून. बरं झालं वेळेवर दिसलं."

"आज सकाळी तर तुझाच होता. सकाळपासून काय बदललं?"

"मला कळलं," मावशी म्हणाली, आणि यापुढे काही सांगायची गरजच नाही अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

मी साहेबांकडे परत गेले. सकाळी मावशी काय म्हणाली होती ते सांगितलं. ते म्हणाले, अपघाताच्या वेळी तुम्ही तिथे हजर होतात का? नव्हते. मग झालं तर.

सात नंबरनं खोली सोडली ती मी विभागाच्या खिडकीतून बघितली. हातगाडीवर गाद्या, एक खुर्ची, भांड्यांची पेटी. गाडी दुसरं कुणीतरी ओढत होतं. ती मागून चालत होती, डाव्या हातात पिशव्या, आणि उजवा हात जरासा पुढे धरलेला, रिकामा. मुलगी त्या हाताखालून चालत होती. फाटकापाशी वळताना तो हात मुलीच्या डोक्यावर टेकेल असं मला वाटलं. टेकला नाही. ती वळून दिसेनाशी झाली तेव्हाही तो तसाच पुढे होता.

मावशीनं तो सिलिकॉनचा हात जाळायला सांगितला होता. मी तो आमच्या विभागातल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला, फडक्यात गुंडाळून. हल्ली त्या कपाटातून काही काढायचं असलं की मी दुसऱ्या कुणालातरी सांगते.

मावशीची मूठ पहिल्यापेक्षाही घट्ट आवळली होती. गोळ्या चालेनात. ती रात्रंदिवस विव्हळायची आणि मध्येच हट्टाला पेटायची, "दुसरा कर. घरचा कर. तुझा घे. लहान तर लहान, पण आपला." शेवटी मी कबूल झाले. या वेळी ठसा आमच्या साचे करणाऱ्या काकांनी घेतला. त्यांनी उघड्या हातांनी व्हॅसलीन चोळलं आणि गप्पा मारत मारत माझा हात लापशीत धरला. मी एकूण एक खूण नीट बुजवली. रंग तर मला आता पाठच होता.

आज दुपारी तो मावशीला बसवला. तीच खिडकी, तीच खुर्ची. ती आधीपासूनच हसत होती. "ये गं बाई," ती त्या हाताला म्हणाली, "घरची ती घरची." हवा निघाल्याचा आवाज झाला. तिनं डोळे मिटले. मी वाट बघत होते. खांदा खाली येत नव्हता.

"सुटतेय का?"

"थांब जरा." तिनं उशी मांडीवर ओढली आणि हात त्यावर फिरवला, मागून पुढे. पुन्हा फिरवला. तिच्या कपाळावर आठी आली. "इथे कुणीच नाही."

"नसू दे. मूठ सांग."

"हाही मिटलेलाच आहे गं," ती म्हणाली.

"वेळ लागेल मावशी. नवा आहे."

"नाही, नाही, ऐक ना." तिनं डोळे उघडले. रागावलेली नव्हती, नुसती गोंधळली होती, अंधारात वस्तू चाचपडताना माणूस गोंधळतं तशी. "तुझाच आहे, ते कळतंय मला. पण मध्ये काहीतरी आहे. पातळ. सगळ्या बोटांवर ताणून बसलंय, कशालाच लागू देत नाही. रबरी मोजा घातल्यासारखं. ठसा देताना मोजा घातला होतास का तू?"

"ठसा देताना नाही," मी म्हटलं.

"मग कधी?"

माझा उजवा हात एप्रनच्या खिशात होता, आणि तो आत कसा आहे हे बघायला मला तो बाहेर काढावा लागला नाही.